शिल्लक मतं किती आणि कुठली: अमेरिकेतल्या प्रायमरीची एक रात्र

अमेरिकेत प्रायमरीचे, म्हणजे मुख्य निवडणुकीआधी उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचे, निकाल रात्रभर येत राहतात, पण ती रात्र तिकडची. इथे पुण्यात बसून पाहणाऱ्याला जागरण पडत नाही, पहाटे उठावं लागतं इतकंच. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ ला मतदान संपतं तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे ५:३० झालेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात, मग तेच ७ आपल्याकडे ४:३० ला वाजतात. फेब्रुवारीतली साउथ कॅरोलायना ५:३० ला, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातल्या फ्लोरिडाचा बहुतेक भाग ४:३० ला. गजर लावण्याआधी कॅलेंडर पाहिलं नाही की पहिला तास हातचा गेला, आणि राज्य एकतर्फी असेल तर निकालच त्या तासात लागून जातो.

आपल्या मतमोजणीची सवय इथे आडवी येते. आपल्याकडे मतदान संपलं की यंत्रं सीलबंद पडून राहतात. ठरलेल्या दिवशी सकाळी ८ ला सगळीकडे एकदम मोजणी सुरू होते. आधी टपाली मतं, मग साधारण चौदा टेबलांवर यंत्रं, फेरीमागून फेरी, आणि सगळे आकडे निवडणूक आयोगाच्या एकाच संकेतस्थळावर. ‘अठराव्या फेरीअखेर’ म्हटलं की पुढे किती फेऱ्या उरल्या हे टपरीवरच्या माणसालाही कळतं. अमेरिकेत निकाल जाहीर करणारा असा एक केंद्रीय आयोगच नाही. तीन हजारांहून जास्त काउंट्या, म्हणजे तिकडचे जिल्हेच म्हणा, प्रत्येकीची यंत्रं वेगळी, मोजणीचा क्रम वेगळा, संकेतस्थळ वेगळं. ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या राज्यांत तर काउंटीगणिकही नाही, गावागणिक आकडे येतात. हे सगळं गोळा करायचं काम १८४८ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था करते. ‘एपीने कॉल दिला’ म्हणजे तिने विजेता सांगितला. तो कायदेशीर निकाल नव्हे. अधिकृत निकाल काही आठवड्यांनी, कागदपत्रं तपासून प्रमाणित होतो. तरी त्या रात्री सगळे एपीच्याच तोंडाकडे बघत असतात.

खरं काम आदल्या दिवशी होतं. मी साधी रेघांची वही वापरतो, एका राज्याला एक पान. पानाच्या डोक्यावर मतदान संपायची वेळ, त्यांची आणि आपली. खाली सहा रकाने: काउंटी, गेल्या वेळची एकूण मतं, गेल्या वेळी कोण कितीने पुढे, आज मोजलेली मतं, आजचा फरक, आणि शिल्लक. पहिले तीन आदल्या दिवशी भरून ठेवायचे. सगळ्या काउंट्या लिहायच्या नाहीत. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत, पण निम्म्याहून जास्त लोकवस्ती पहिल्या दहांत आहे. हॅरिस म्हणजे ह्यूस्टन, मग डॅलस, टॅरंट, सॅन अँटोनियोची ती काउंटी जिचं स्पेलिंग बेक्सार वाटतं आणि उच्चार बेअर करतात, ऑस्टिनची ट्रॅव्हिस, आणखी चार-पाच. दुसऱ्या टोकाला लव्हिंग काउंटी आहे, २०२० च्या जनगणनेत तिथे ६४ माणसं होती. नकाशावर रंगवताना मात्र ती ठसठशीत दिसते. म्हणून रात्री नकाशा बघायचा नाही, तक्ता बघायचा.

‘गेल्या वेळची’ म्हणजे कुठली निवडणूक, हे डोकं लावून ठरवावं लागतं. नोव्हेंबरची मुख्य निवडणूक इथे निरुपयोगी, कारण प्रायमरी बहुधा एकाच पक्षातल्यांची असते. आजच्या लढतीशी जिचं साम्य आहे अशी जुनी प्रायमरी हवी: शहरी विरुद्ध ग्रामीण, तरुण विरुद्ध वयस्क, पक्षाचा डावा गट विरुद्ध मधला. तशी नसेल तर दोन जुन्या प्रायमरींचे आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. आणि प्रायमरी खुली की बंद, हेही पानावर टिपायचं. बंद असेल तर पक्षाकडे नोंद असलेलेच मत देतात. न्यू हॅम्पशायरमध्ये पक्ष न नोंदवलेला मतदार हवी ती मतपत्रिका मागून घेऊ शकतो, त्यामुळे एका पक्षात चुरस नसली की ती माणसं दुसऱ्या पक्षाचा निकाल हलवतात.

दुसरी टीप मोजणीच्या क्रमाची, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची. मतं तीन प्रकारची: टपालाने आलेली, आगाऊ केंद्रावर जाऊन दिलेली, आणि मतदानाच्या दिवशी दिलेली. यातली कुठली आधी बाहेर पडणार हे राज्यागणिक बदलतं. टेक्सास, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलायना इथे आगाऊ मतांचा मोठा गठ्ठा मतदान संपल्या-संपल्या पडतो. पेनसिल्व्हेनियात टपाली पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडायचीच नाहीत, असा कायदा आहे. तिथे लहान काउंट्या पटापट मोकळ्या होतात आणि मोठ्या मागे रेंगाळतात. कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट पुढे सात दिवसांपर्यंत पोचलं तरी चालतं, म्हणजे त्या रात्री काही मतं अजून पोस्टाच्या गाडीतच असतात.

आता प्रत्यक्ष रात्र. ५ मार्च २०२४ चा सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच मंगळवारी अनेक राज्यांत प्रायमरी, तो घेऊ, कारण त्या दिवशी वेळांचा सगळा जिना एका रात्रीत होता. आपले ५:३०: व्हर्जिनिया आणि व्हरमाँट. ६:००: नॉर्थ कॅरोलायना. ६:३०: अलाबामा, टेनेसी, ओक्लाहोमा, मॅसॅच्युसेट्स, मेन, आणि टेक्सासचा बहुतेक भाग. ७:००: आर्कान्सा. ७:३०: कोलोरॅडो, मिनेसोटा, आणि टेक्सासचं पश्चिम टोक. ८:३० ला युटा, आणि ९:३० ला कॅलिफोर्निया.

टेक्सासचं नाव दोनदा आलं ते चुकून नव्हे. एल पासो आणि त्याच्या शेजारची हडस्पेथ काउंटी घड्याळाने एक तास मागे आहेत. आकडे ६:३० पासून पडायला लागतात, पण शेवटचं केंद्र बंद होईपर्यंत एपी कॉल देत नाही. मिशिगनमध्येही हेच: वरच्या द्वीपकल्पातल्या चार काउंट्या विस्कॉन्सिनच्या घड्याळावर चालतात, म्हणून बाकी राज्य ६:३० ला बंद झालं तरी कॉल ७:३० च्या आधी नाही. नवखा माणूस या मधल्या तासात ‘चाळीस टक्के मोजून झालं, हा वीस टक्क्यांनी पुढे, तरी सांगत का नाहीत? पाणी मुरतंय’ म्हणून अस्वस्थ होतो. काही मुरत नसतं, घड्याळ असतं.

उलटही होतं. एकही मत मोजलेलं नसताना, ५:३० च्या ठोक्याला विजेता जाहीर. २०२० मध्ये साउथ कॅरोलायनात बायडन यांना असाच कॉल मिळाला, तीन दिवसांनी व्हर्जिनियातही. यामागे मतदारांचं सर्वेक्षण असतं. २०२४ मध्ये एपीची त्यासाठी स्वतःची पाहणी होती, मोठ्या वाहिन्या मिळून एक्झिट पोल घेत होत्या. फरक इतका मोठा असेल की पाहणीतली चूक धरूनही निकाल पालटणार नाही, तेव्हाच शून्य मतांवर कॉल देतात. म्हणजे ५:३० ला कॉल आला नाही, हीसुद्धा बातमीच असते. एकतर्फी समजल्या जाणाऱ्या राज्यात वीस मिनिटं शांतता पसरली, तर पाहणीत काहीतरी वेगळं दिसतंय.

कॉकसमध्ये हा नियम विचित्र वागतो. कॉकस म्हणजे ठरल्या वेळी शाळेत, चर्चमध्ये जमायचं, भाषणं ऐकायची, मग मत द्यायचं. मतदान ‘संपायची’ वेळ अशी नसतेच. १५ जानेवारी २०२४ ला आयोवात सभा सुरू होऊन अर्धा तास झाला होता, काही ठिकाणी मतदान व्हायचं होतं, तेवढ्यात ट्रम्प जिंकल्याचा कॉल येऊन थडकला. ते शेवटी ५१ टक्क्यांवर गेले, कॉल चुकला नव्हता. पण खुर्चीत भाषण ऐकत बसलेल्या माणसाच्या फोनवर त्याच निवडणुकीचा निकाल येणं, यावर प्रतिस्पर्धी चिडले ते स्वाभाविक होतं.

पहिला मोठा गठ्ठा पडला की विचारायचं, ही मतं कधीची? यासाठी २०२० च्या टेक्सासइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही. तिथे आगाऊ मतदान फेब्रुवारीतच आटोपलं होतं. नंतर २९ फेब्रुवारीला बायडन यांनी साउथ कॅरोलायना मोठ्या फरकाने जिंकली. पुढच्या दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार यांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला. ३ मार्चला मतदान. सुरुवातीच्या आकड्यांत सँडर्स पुढे होते, बुटिजेज यांच्या नावावरही भरपूर मतं दिसत होती, कारण ती सगळी माघारीच्या आधी दिलेली होती. मैदानात नसलेल्या माणसाला मतं दिसणं, हीच आपल्यासाठी खूण: समोरचा आकडा गेल्या आठवड्यातला आहे. मग मतदानाच्या दिवसाची मतं पडायला लागली, काउंटीमागून काउंटीत बायडन सरकत गेले आणि शेवटी साधारण ३४.६ विरुद्ध ३० असे जिंकले. वहीत हे आधीच दिसतं. हॅरिसचं आगाऊ मत आणि हॅरिसचं त्या दिवसाचं मत दोन वेगळ्या ओळींत मांडलं असेल, तर दुसरी ओळ भरायला लागताच पुढचं कळतं. दोन्हींची बेरीज एकाच ओळीत घातली, तर शेवटपर्यंत फक्त आघाडी कमी होताना दिसत राहते, का ते कळत नाही.

त्याच रात्री ह्यूस्टनमधल्या टेक्सास सदर्न विद्यापीठाच्या केंद्रावर शेवटचं मत पडायला तिथले रात्रीचे एक वाजून गेले. वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, म्हणून रांग संपेपर्यंत केंद्र चालू. रांग का, तर काउंटीने दोन्ही पक्षांच्या प्रायमरीला यंत्रं सारखीच वाटली होती आणि गर्दी सगळी एका बाजूला होती. एका पक्षाची यंत्रं रिकामी, दुसऱ्याची रांग रस्त्यावर. अशी रांग दिसली की त्या काउंटीपुढे ‘उशीर’ लिहून ठेवायचं, कारण त्या केंद्राची मतं सगळ्यांत शेवटी येणार आणि ती एकाच भागातली असणार.

आता हिशेब. समजा, राज्यात अ ला ४,१२,००० आणि ब ला ४,००,००० मतं आहेत. वाहिनीवर ओरडा चाललाय की ‘ब’च्या बालेकिल्ल्यातली ६०,००० मतं बाकी आहेत, काहीही होऊ शकतं. वही उघडायची. त्या काउंटीत दिवसाच्या मतांत ब ५८-४२ ने पुढे आहे, टपाली मतांत उलटा ४६-५४ ने मागे. आता साठ हजारांत काय आहे? काउंटीचं संकेतस्थळ सांगतं: ४०,००० दिवसाची, २०,००० टपाली. दिवसाच्या मतांतून ‘ब’ला १६ टक्के म्हणजे ६,४०० ची भर पडेल, टपाली मतांत ८ टक्के म्हणजे १,६०० जातील. निव्वळ मिळकत ४,८००. पाहिजेत १२,०००. विषय संपला. चार ओळींचं गणित, चहाच्या कपाशेजारी होतं, पण ‘शिल्लक’ रकाना दोन प्रकारांत फोडलेला असेल तरच.

यातली एक नेहमीची चूक. शिल्लक ६०,००० पैकी ‘ब’ला १२,००० ‘जास्त’ हवीत, म्हणजे फरक २० टक्क्यांचा, म्हणजे ६०-४०. लोक घाईत ‘वीस टक्के मिळाली की झालं’ असं करतात, किंवा उलट ७०-३० हवं म्हणतात. आणि रिंगणात पाच जण असतील तर ६०-४० ही भाषाच सोडायची. अ आणि ब यांच्यातला फरक टक्क्यांत धरायचा, बाकीच्यांना जाऊ द्यायचं.

शिल्लक कळते कुठून, हा खरा त्रासाचा भाग. पूर्वी ‘इतक्या टक्के मतदान केंद्रांचे आकडे आले’ असं दाखवत. टपाली मतं वेगळी मोजणाऱ्या काउंटीत तो आकडा १०० टक्के होतो आणि पाकिटांचे ढीग तसेच असतात. कॅलिफोर्नियात हे हमखास. आता ‘अपेक्षित मतांपैकी इतके टक्के’ असं देतात. हे बरं, पण ‘अपेक्षित’ हा अंदाज आहे. मतदान धारणेपेक्षा जास्त झालं तर भाजक वाढतो, आणि सकाळी ८ ला ९५ टक्के दिसलेली काउंटी ९ ला ९० वर येऊ शकते, एकही मत न वगळता. हे पाहून घोटाळ्याची आरोळी ठोकणारे दर निवडणुकीत असतात. माझा क्रम असा: आधी काउंटीचं स्वतःचं संकेतस्थळ, मग राज्याचं, मग वाहिनी. राज्याचं पान काउंटीच्या मागे असतं, वाहिनी कधी राज्याच्याही पुढे, कारण एपीची माणसं काउंटीच्या कचेरीत उभी राहून आकडे फोनवर सांगतात. दोन ठिकाणी आकडे जुळले नाहीत तर घाबरायचं नाही, शेजारी वेळ लिहायची.

न्यू हॅम्पशायरमध्ये डिक्सव्हिल नॉच नावाची वस्ती मध्यरात्रीच मत देते, आपल्याकडे सकाळी १०:३० ला. २०२४ मध्ये तिथली सहाच्या सहा मतं निक्की हेली यांना गेली, आणि राज्य त्या अकरा टक्क्यांनी हरल्या. शकुन बघायला ठीक.

चुका मात्र खऱ्या होतात आणि त्यांचे नमुने ठरलेले आहेत. पहिला नमुना, नवं यंत्र ऐनवेळी. ३ फेब्रुवारी २०२० ला आयोवात डेमोक्रॅटिक कॉकसचे आकडे मोबाइल ॲपने पाठवायचे ठरले होते. ॲप बसलं, पर्यायी फोनलाइन तुंबली, त्यात प्रत्येक केंद्राकडून एकाऐवजी तीन प्रकारचे आकडे पहिल्यांदाच मागितले होते आणि ते एकमेकांशी जुळेनात. त्या रात्री एकही आकडा आला नाही. पहिले आकडे दुसऱ्या दिवशी आले, आणि एपीने तिथला विजेता कधीच जाहीर केला नाही. दुसरा नमुना, हरवलेला कागद. २०१२ मध्ये आयोवात रिपब्लिकन कॉकसला रात्री रोमनी ८ मतांनी पुढे होते. दोन आठवड्यांनी कागद तपासले तर सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले, आणि आठ केंद्रांचे कागद सापडलेच नाहीत. तिसरा, छपाई. मे २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत हजारो टपाली मतपत्रिकांवर चुकीचा कोड छापून आला. यंत्र त्या वाचेना, म्हणून माणसं बसवून एकेक मत नव्या मतपत्रिकेवर हाताने उतरवून काढावं लागलं. त्याच महिन्यात ओरेगनच्या क्लॅकमस काउंटीत बारकोड फिकट छापले गेले आणि मोजणी आठवडाभराच्याही पुढे लांबली. चौथा, चाचणीचा कचरा. जून २०२१ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाच्या प्रायमरीत जवळपास १,३५,००० चाचणी मतं खऱ्या मोजणीत मिसळून प्रसिद्ध झाली आणि काही तासांत मागे घ्यावी लागली.

न्यूयॉर्कमध्ये आणखी एक पेच आहे. तिथे मतदार पाच नावांपर्यंत पसंतीक्रम देतो. रात्री दिसतात त्या फक्त पहिल्या पसंतीच्या. खालच्यांना वगळून त्यांची मतं पुढे वाटण्याचं काम आठवड्याने. २४ जून २०२५ ला महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ममदानी ४३.५ टक्के आणि कुओमो ३६.४ अशी रात्र संपली. पन्नास कुणालाच नाहीत, तरी कुओमो यांनी त्याच रात्री पराभव मान्य केला, कारण तिसऱ्या जागेवरच्या लँडर यांनी ममदानींशी परस्पर पाठिंब्याचा करार केला होता आणि ती मतं कुठे जाणार हे उघड होतं. १ जुलैला वाटप झालं, ५६-४४. पसंतीक्रमाच्या रात्री पहिल्याकडे कमी आणि तिसऱ्या-चौथ्याकडे जास्त बघायचं.

पेनसिल्व्हेनियाच्या त्याच मे २०२२ च्या रिपब्लिकन सिनेट प्रायमरीची रात्र तर रात्रीत संपलीच नाही. टपाली मतांत मॅकॉर्मिक सरस, दिवसाच्या मतांत ऑझ. वहीचं पान रात्रीच सांगत होतं की ऑझ यांची आघाडी टपाली पाकिटांगणिक झिजणार. प्रश्न एवढाच की पाकिटं संपतात आधी की आघाडी. शेवटी पाकिटं आधी संपली, ऑझ ९५१ मतांनी पुढे राहिले. अर्ध्या टक्क्याच्या आत फरक असला की तिथे आपोआप फेरमोजणी होते. मधल्या काळात पाकिटावर मतदाराने हाताने तारीख घातली नसेल तर ते मोजायचं का, यावर कोर्टबाजी झाली. ३ जूनला मॅकॉर्मिक यांनी हार मानली. इतक्या जवळच्या लढतीत त्या रात्री वहीत मी एकच गोष्ट टिपतो, किती पाकिटं बाजूला ठेवली आहेत आणि कुठल्या कारणाने: तारीख नाही, सही जुळत नाही, आतलं गोपनीय पाकीट नाही. निकाल त्या ढिगातून निघतो.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी प्रायमरी म्हणजे बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांची. मिशिगनचा १३ वा काँग्रेस (अमेरिकी संसद) मतदारसंघ, २ ऑगस्ट २०२२, डेमोक्रॅटिक प्रायमरी, नऊ उमेदवार. इथे वर सांगितलेली वही अर्धी निकामी होते, कारण सगळा मतदारसंघ एकाच वेन काउंटीत आहे. काउंटीचा रकाना एकच, शिल्लक एकच. तिथे शहरागणिक रकाने पाडावे लागतात: डेट्रॉइट वेगळं, दक्षिणेकडची कामगारवस्तीची गावं वेगळी, ग्रोस पॉइंटची श्रीमंत गावं वेगळी. डेट्रॉइटची टपाली मतं एका मोठ्या सभागृहात एकत्र मोजतात आणि ती केंद्रांच्या आकड्यांत मिसळत नाहीत, वेगळी येतात. त्या वर्षी ती मोजायला मतदानाच्या दिवशीच सुरुवात करता येत होती, म्हणून उशीर. ठाणेदार २८ टक्क्यांवर जिंकले, दुसरे हॉलिअर साडेतेवीसच्या आसपास. अठ्ठावीस टक्क्यांवर विजय, कारण मिशिगनमध्ये सर्वांत जास्त मतं मिळाली की झालं. टेक्सास किंवा जॉर्जियात हेच आकडे आले असते तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. टेक्सासच्या २८ व्या मतदारसंघात त्याच वर्षी असं दुसरं मतदान झालं आणि क्वेयार, फेरमोजणीनंतर, २८९ मतांनी तरले. म्हणून पानाच्या डोक्यावर वेळेखाली एक ओळ हवीच: पन्नास टक्के लागतात की नाही.

अध्यक्षपदाच्या प्रायमरीत राज्य जिंकणं हा अर्धाच निकाल. उरलेला डेलिगेटचा, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींचा. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांच्या खाली काहीच मिळत नाही, आणि हा उंबरठा राज्याला एकदा आणि प्रत्येक काँग्रेस मतदारसंघाला पुन्हा लागतो. मिशिगनमध्ये २७ फेब्रुवारी २०२४ ला गाझा प्रश्नावर निषेध म्हणून ‘अनकमिटेड’ला, म्हणजे ‘यातला कुणीच नाही’ अशा पर्यायाला, मत द्यायची मोहीम होती. राज्यभरात १३.२ टक्के मतं पडली, म्हणजे राज्याच्या वाट्यातून शून्य. पण दोन मतदारसंघांत पंधरा ओलांडले, म्हणून ११७ पैकी २ डेलिगेट मिळाले. रात्री सगळे राज्याच्या टक्क्यांकडे बघत होते, बघायला हवं होतं डिअरबॉर्न आणि ॲन आर्बरच्या मतदारसंघांकडे. दोघांतच लढत असेल तर जागांची संख्या सम की विषम हे पाहावं. चार जागांच्या मतदारसंघात ५५-४५ ने जिंकून मिळतात २-२, तिसरी जागा घ्यायला ६२.५ टक्के लागतात. पाच जागांच्या मतदारसंघात मात्र ५०.१ वर ३-२. २००८ मध्ये नेवाडाच्या कॉकसमध्ये राज्याचा कौल क्लिंटन यांना आणि डेलिगेट मात्र त्या रात्रीच्या हिशेबात ओबामांना १३ विरुद्ध १२, ते याच वजाबाकीतून. रिपब्लिकनांचं गणित राज्यागणिक निराळं. २०२४ ला कॅलिफोर्नियात पन्नास ओलांडले की सगळे डेलिगेट एकाला, मग मतदारसंघांचा हिशेबच नको.

सुपर ट्यूसडेची गंमत म्हणून अमेरिकन सामोआ. २०२४ मध्ये तिथल्या डेमोक्रॅटिक कॉकसला ९१ मतं पडली. जेसन पामर नावाच्या, बहुतेकांनी तोवर न ऐकलेल्या उमेदवाराला ५१, तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांना ४०.

साडेनऊला कॅलिफोर्निया उघडते तेव्हा इथे ऑफिसची वेळ झालेली असते. पहिला गठ्ठा आधी पोचलेल्या टपाली मतांचा, त्यात वयस्क मतदार जास्त. मग रात्रभर केंद्रांची मतं. मग पुढचे काही आठवडे पेटीत टाकलेली, उशिरा पोचलेली, सही पडताळायची राहिलेली पाकिटं, आणि ती बहुधा तरुणांची, डावीकडे झुकणारी. म्हणून कॅलिफोर्नियाच्या पानावर मी रात्रीचा आकडा पेन्सिलने लिहितो. साडेअकरा-बाराला उठताना प्रत्येक मोठ्या काउंटीची मोजायची राहिलेली पाकिटं टिपून ठेवायची. काउंट्या ती संख्या राज्याला कळवतात, राज्य ती प्रसिद्ध करतं, आणि पुढच्या दिवसांत तो एकच कागद पुरतो.

सिलिकॉन व्हॅलीच्या १६ व्या मतदारसंघात ५ मार्च २०२४ ला, पक्ष कुठलाही असो, पहिल्या दोघांना नोव्हेंबरचं तिकीट होतं. पहिली जागा लिकार्डो यांची, दुसरीसाठी इव्हन लो आणि जो सिमिटियन. दिवसागणिक आकडे येत गेले, आघाडी या बाजूला, त्या बाजूला, आणि महिन्याभराने मोजणी संपली तेव्हा दोघांनाही बरोबर ३०,२४९ मतं होती. तिथल्या कायद्याने दुसऱ्या जागेवर बरोबरी झाली तर दोघेही पुढे जातात, म्हणजे नोव्हेंबरला तिघे. पण कॅलिफोर्नियात मागणी करून, खर्च भरून फेरमोजणी करून घेता येते, तशी ती कुणीतरी मागितली. सँटा क्लारा आणि सॅन मटेओ या दोन काउंट्यांनी पुन्हा मोजलं. १ मेला आकडा आला: लो ५ मतांनी पुढे.